वाय-फायचा ताळेबंद

वहीत नऊ, राउटरच्या यादीत दहा. वरून खाली मोजलं, खालून वर मोजलं, चष्मा पुसून मोजलं. दहाच.

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एकाचा फरक किती छळतो, ते बँकेतल्याच माणसाला विचारा. संध्याकाळी कॅश एक रुपयानं कमी भरली तर खिशातला रुपया टाकून घरी जाणाऱ्यांतले आम्ही नव्हे. रात्री नऊपर्यंत व्हाउचरं उपसत बसायचो. (टाकणारे टाकायचे. त्यातले एक पुढे मॅनेजर झाले.)

त्यातून मी साधासुधा कारकून नव्हे. १९८९ साली आमच्या शाखेत ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन आलं, तेव्हा ते शिकायला ज्या दोघांना पाठवलं, त्यांतला एक मी. युनियनचा त्या यंत्राला विरोध होता, म्हणून दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, हा तपशील मी सहसा सांगत नाही. पण 'कॉम्प्युटरमधलं मला कळतं' अशी जी माझी समजूत तेव्हा झाली, ती आजवर कुणाला मोडता आलेली नाही. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मीच. कुणाचा फोन रुसला की तो माझ्याकडे येतो. मी तो गंभीर चेहऱ्यानं हातात घेतो, बंद करतो, चालू करतो, परत देतो. दहांतल्या सातांना गुण येतो.

माझ्या घरातल्या टीव्हीची तर बिल्डिंगमध्ये ख्याती आहे. बाकी घरात इंटरनेट कितीही रांगो, हॉलमधल्या टीव्हीवर चित्र म्हणून कधी अडकत नाही. याचं श्रेय मी राउटरच्या जागेला देतो. आतल्या खोलीत, कपाटावर, दोन्ही अँटेना ईशान्येकडे किंचित झुकवून तो ठेवलाय. माझं ऐकून दोन बिऱ्हाडांनी आपापले राउटर ईशान्येला वळवले. त्यांना फरक पडला नाही, पण तो त्यांच्या भिंतींचा दोष.

अशा माणसाच्या राउटरवर एक परका जीव येऊन बसला होता.

"किती लागतं हो आपल्याला महिन्याला?" हिनं विचारलं.

आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी आहेत. मुलगा-सून रविवारी येऊन जातात ते धरूनही आम्ही साठ-सत्तरच्या वर कधी गेलो नाही. या काटकसरीचाही मला अभिमान होता.

"मग कुणी चार जीबी नेले तर काय आभाळ कोसळलं? आपला कढीपत्ता अख्खी बिल्डिंग नेते, तेव्हा काही म्हणत नाही तुम्ही."

"कढीपत्ता विचारून नेतात," मी म्हटलं.

आणि आभाळ कोसळतंही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल गेली होती. तिचा माग काढत तपास येऊन पोचला कुठे, तर सानपाड्यात, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या दारात. आमच्या डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलली की सानपाडा. मेल त्यानं पाठवलीच नव्हती. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तर मुंबई पोलीस उघडी वाय-फाय हुडकत रस्तोरस्ती फिरले होते. हे सगळं मी हिला आवाज खाली आणून सांगितलं. ही भाजी निवडत होती.

"आपल्याकडे कुठला अतिरेकी येतोय," ती म्हणाली. "लिफ्ट नाही."

तेव्हा तपास एकट्यानंच करायचा ठरवला.

प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा एक पत्ता असतो, मॅक ॲड्रेस म्हणतात त्याला. त्यातली पहिली सहा अक्षरं कंपनीची, पुढची सहा त्या यंत्राची. म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी, नाव मागून. घरातल्या एकेका यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरून हे पत्ते मी वहीत उतरवून ठेवले होते. माझा फोन, हिचा फोन, टॅब, लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, चिरंजीवांचा फोन, त्यांचं घड्याळ, सूनबाईंचा फोन. लाल शाईनं रेघ, खाली बेरीज नऊ. आता यादीशी टिक मारत जायचं आणि उरेल तो चोर, इतकं सोपं काम.

टिक एकही पडेना. हिच्या फोनचा पत्ता वहीत एक आणि यादीत भलताच. माझ्या फोनचं तेच. रात्री साडेअकरापर्यंत डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. आपल्या पत्त्यावरून कुणी आपला माग काढू नये म्हणून हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायला निराळा, मनानं रचलेला पत्ता सांगतात. अँड्रॉइडवाले २०१९ पासून, आयफोनवाले २०२० पासून. रचलेला पत्ता ओळखायची खूणही आहे: त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. मी यादीवर बोट फिरवलं. माझा फोन, रचलेला. ही, रचलेला. टॅब, चिरंजीव, चिरंजीवांचं घड्याळ, सूनबाई, सगळे रचलेले. सगळं कुटुंब माझ्याच घरात खोट्या नावानं राहत होतं.

उरले चार. लॅपटॉप आणि प्रिंटर आपल्या खऱ्या नावानं हजर होते. एकापुढे नुसतंच 'अननोन' होतं. तो टीव्ही, असं मी धरलं, कारण मोठी असामी सहसा स्वतःचं नाव सांगत नाही. आणि शेवटचा इसम होता 'एस्प्रेसिफ'.

नाव ऐकून इटालियन कॉफी आठवते. शोधलं तर निघाली शांघायची चिप बनवणारी कंपनी. शांघाय म्हटल्यावर माझ्या पाठीतून एक शिरशिरी गेली. त्याच रात्री ॲपमध्ये शिरून एस्प्रेसिफच्या नावापुढचं 'ब्लॉक' बटण दाबलं. यादी नऊ, वही नऊ. ताळा जुळला. अशी शांत झोप मला निवृत्तीनंतर लागली नव्हती.

सकाळी ही देवघरातून ओरडली. भाच्यानं गेल्या दिवाळीत एक रंग बदलणारा दिवा दिला होता, तो हिनं देवघरात लावलाय. पूजेला पिवळा, रात्री मंद निळा. त्या दिवशी तो निळ्यावरून हलेना. बटण बंद केलं, चालू केलं, तरी निळाच.

"अहो, देव परमिट रूममध्ये बसल्यासारखे दिसतायत."

"बल्ब उतरला असेल," मी म्हटलं. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न हाताळणाऱ्या माणसाकडे लोक काय काय घेऊन येतात!

आता चोर पकडायचा होता. चिनी माल नवीन कुणाकडे आलाय? सहा नंबरच्या नानांकडे. त्यांच्या मुलीनं पुण्याहून त्यांना नवा टॅब पाठवला होता. डबा मी स्वतः पाहिला होता. सहा नंबर म्हणजे आमच्या हॉलच्या भिंतीपलीकडचं घर. शिवाय मला एक गोष्ट आठवली. श्रावणात ही बहिणीकडे नाशिकला गेली होती आणि मी तापानं पडलो होतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी बेल वाजवली होती. मी कसाबसा उठून दार उघडलं. "पाणी येतंय का हो तुमच्याकडे?" नानांनी विचारलं. पाणी येत होतं, गच्चीवरची टाकी भरून जिन्यात धार लागली होती. तीत पाय वाचवत उभं राहून त्यांनी हे विचारलं. आणि विचारताना माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, हे तर मला स्पष्ट आठवत होतं. आत काय आहे? आतल्या खोलीत राउटर आहे.

त्यातून नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. लाइन कुठून कुठे जाते हे कळणारा बिल्डिंगमधला दुसरा माणूस. (पहिला मी.)

आता नानांचं सांगायचं तर पी.पी. नंबरचं सांगायला हवं. सूनबाईंना एकदा विचारलं होतं, पी.पी. म्हणजे काय. ती म्हणाली, "पासपोर्ट फोटो?" आम्ही या बिल्डिंगमध्ये १९८८ साली राहायला आलो तेव्हा बिऱ्हाडं सोळा आणि फोन एक, तो सहा नंबरमध्ये. बाकीच्यांनी अर्ज करून ठेवलेले. माझा अर्ज मुलाच्या जन्माआधीचा. फोन आला १९९६ साली, तेव्हा मुलगा पहिलीत होता आणि आमच्या घरातला पहिला फोन त्यानंच उचलला. मधली आठ वर्षं माझ्या बँकेतल्या कागदांवर, मुलाच्या बारशाच्या पत्रिकेवर, मेहुणीच्या लग्नासाठी पेपरात दिलेल्या जाहिरातीत नंबर छापला जायचा तो नानांचा, आणि पुढे कंसात पी.पी. ही दोन अक्षरं कशाची, यावर आमच्या शाखेत दोन तट होते. अर्थ मात्र एकच होता: फोन दुसऱ्याचा आहे, बेतानं बोला.

बेतानं कुणी बोलायचं नाही. त्यात रात्री अकरा वाजल्यावर एसटीडीचा दर पाव व्हायचा. म्हणजे आमच्या साऱ्या नातेवाइकांना आमची आठवण व्हायची ती अकरा वाजून एक मिनिटानं. वाईच्या काकूला मुलाचे दात आले का विचारायचं असे, ते अकराला. आत्येभावाला म्हशीनं दूध कमी केल्याचं सांगायचं असे, तेही अकराला. नानांची ड्यूटी सकाळची. ते साडेनऊला झोपायचे. तरी उठायचे, फोन घ्यायचे, "धरा" म्हणायचे आणि हॉलमधल्या सामाईक भिंतीवर लाटण्यानं ठोकायचे. दोन ठोके म्हणजे तुमचा फोन आहे, सावकाश या. तीन ठोके म्हणजे बाहेरगावचा, पळा. मी बनियनवर पळायचो. फोन त्यांच्या पलंगाच्या उशाशी. नानांच्या मंडळी तोंडावर पांघरूण ओढून झोपल्याचं सोंग करायच्या आणि मी कुजबुजत म्हशीची चौकशी करायचो. कुजबुज पलीकडे ऐकू जायची नाही, म्हणून मग ओरडून करायचो.

मेहुणीच्या जाहिरातीनंतर तर तीन रविवार त्यांच्याकडे स्थळांचे फोन येत होते. नाना नाव, पत्रिका, नोकरी, पगार सगळं पाठकोऱ्या कागदावर उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी आणून द्यायचे. एका कागदावर त्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा मारला होता: 'बोलणं उद्धट. नको.' ते स्थळ आम्ही पाहिलंच नाही. दुसऱ्या एकावर 'आवाज बरा' असं होतं. मेहुणी त्याच घरात आहे, सुखात आहे.

कधी त्यांनी कुरकुर केली नाही, असं म्हणणार होतो, पण ते खोटं. एकदा म्हणाले होते, "तुमच्या काकूंना सांगा, सकाळी सहाच्या आतही दर पावच असतो."

आणि एक रात्र. १९९३ चा फेब्रुवारी, पहाटे पावणेपाच. भिंत वाजली नाही. बेल वाजली. दारात नाना, डोक्यावरून शाल घेतलेली. म्हणाले, "वाईहून फोन होता. वडिलांना जरा बरं नाही म्हणतात. तुम्हाला निघावं लागेल." त्यांच्या हातात पाचशे रुपये होते. मी गॅलरीतून खाली पाहिलं तर रिक्षा उभी होती. पहाटे पावणेपाचला डोंबिवलीत रिक्षा अशी दाराशी उभी राहत नाही. ते आधी खाली जाऊन, स्टेशनापर्यंत चालत जाऊन, ती घेऊन आले होते. रिक्षा पाहिल्यावर मला कळलं. नाना काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. बँकेतल्या माणसाच्या घरात त्या दिवशी पाचशे रुपये नाहीत हे त्यांना कसं ठाऊक होतं, तेही मी कधी विचारलं नाही.

असो. विषय चोरीचा चालला होता.

खरं सांगायचं तर जीबी गेल्याचा मला राग नव्हता. राग याचा होता की न सांगता नेले. अहो, ज्या माणसाची लाइन मी आठ वर्षं रात्री-अपरात्री वापरली, त्यानं भिंतीवर दोन ठोके मारायचे आणि म्हणायचं, जरा तुमचं वाय-फाय द्या. मी नाही म्हणणार होतो? पण आता दार कुणी वाजवतच नाही. साखर संपली तर दहा मिनिटांत मोटरसायकलवरून येते. वाटी घेऊन कुणी येत नाही. विरजण पिशवीत विकत मिळतं. गेल्या वर्षभरात आमची बेल कुरिअरवाले सोडून कुणी किती वेळा वाजवली, हे मी मोजायला गेलो आणि थांबलो. आकडा मोजण्यासारखा नव्हता. ते सोडा. मी रागावलो होतो आणि रागावलेल्या माणसाला उद्योग लागतो.

बुधवारी दुपारी ही भिशीला गेल्यावर मी मोहीम हाती घेतली. पहिलं काम डब्ल्यूपीएस बंद करणं. या सोयीला आठ आकडी पिन असतो. म्हणजे दहा कोटी शक्यता, वाटतं किती भक्कम! पण २०११ साली असं उघड झालं की राउटर त्या आठ आकड्यांचे दोन तुकडे करून तपासतो, आणि पहिले चार बरोबर आले की तसं कळू देतो. उरलेल्या चारांतला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजार प्रयत्नांत दार उघडं. आमच्या शाखेत लॉकरचा असा कारभार कुणी केला असता तर त्याची बदली गडचिरोलीला झाली असती.

मग नाव. नाव मराठीत ठेवायची माझी जुनी इच्छा. 'श्री गजानन प्रसन्न' टाकायला गेलो तर राउटर घेईना. इथे तुम्हाला एक अन्याय सांगतो. वाय-फायच्या नावाला जागा असते बत्तीस बाइटची. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. आपलं देवनागरी चिन्ह तीन बाइट खातं. त्यात काना निराळा, वेलांटी निराळी, पाय मोडला तर त्या मोडलेल्या पायाचे तीन निराळे. एकट्या 'श्री'चे बारा झाले. कागदावर हिशेब मांडला तेव्हा 'श्री गजानन प' इथे बरोबर बत्तीस भरले. गजाननाला प्रसन्न व्हायला जागाच नाही. शेवटी जुनं इंग्रजी नाव ठेवलं आणि ते लपवलं. लपवलेलं नावही शोधणाऱ्याला सापडतंच म्हणतात. मला मात्र ते पुढे दोन दिवस सापडत नव्हतं.

शेवटी पासवर्ड. चोवीस अक्षरं, लहान-मोठी लिपी, आकडे, मध्ये दोन चिन्हं. वहीत लिहिला. मग एकेक यंत्र घेऊन बसलो आणि चोवीस-चोवीस अक्षरं भरत गेलो. प्रिंटरला तेवढं बटणांनी एकेक अक्षर वर-खाली करत भरावं लागलं. त्याला चाळीस मिनिटं लागली आणि सतराव्या अक्षराला तो विसरला. या सगळ्या गदारोळात टीव्ही तेवढा शहाणा. त्याला काहीच करावं लागलं नाही. संध्याकाळी सातला बातम्या लावल्या तर नेहमीसारख्या लख्ख. चांगल्या जागेचा राउटर म्हणजे काय, ते मी भिशीहून आलेल्या हिला सांगितलं.

रविवारी मुलगा-सून आले. मुलगा जेवण होईस्तोवर बोलला नाही, मग देवघरापाशी जाऊन उभा राहिला.

"बाबा, हा दिवा असा का?"

मी मोहिमेचा वृत्तांत दिला. एस्प्रेसिफचं नाव ऐकल्यावर तो खाली बसला. मला वाटलं, हादरला. तो हसत होता. जगभरातल्या स्वस्त दिव्यांत, प्लगांत, पंख्यांत त्या शांघायच्या कंपनीच्या चिपा असतात. देवघरात रात्रभर निळा पडून राहिलेला तोच माझा गुप्तहेर.

"बरं झालं, चोर घरातलाच निघाला," मी सावरून म्हटलं. "म्हणजे दिवा धरून वहीत दहा, यादीत दहा. जुळलं."

तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून एक फोन घेऊन आली. माझाच, सहा वर्षांपूर्वीचा, जो मी मोडीत काढला अशी माझी नोंद होती. तो पिठाच्या डब्यामागे उभा करून ही त्यावर रेसिपी बघते. "याला पण टाक रे तो पासवर्ड, चार दिवस माझं सगळं अडलंय."

मी वही उघडली. चोर शोधत होतो एक, कबुलीजबाब आले दोन. हा पिठामागचा फोन म्हणजे 'अननोन'. मग वहीत अकरा आणि यादीत दहा. बँकेत याला भरपाईची चूक म्हणतात: एक जादा, एक कमी, बेरीज बिनबोभाट, आणि ऑडिटर येईपर्यंत कुणाला पत्ता नाही. आठवडाभर मी जास्तीचा कोण हेच शोधत होतो. कमी कोण आहे हे मोजलंच नव्हतं.

समोर मॅच चालू होती. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे.

"बाबा, टीव्हीला नवा पासवर्ड कधी घातलात?"

"त्याला लागत नाही."

तो उठला, रिमोट घेतला, दोन-चार बटणं दाबली. पडद्यावर जोडलेल्या वाय-फायचं नाव आलं. ते माझं नव्हतं. सहा नंबरचं होतं.

मग सगळं आठवलं. २०२१ चा मे, दुसरी लाट. रस्ता खोदताना आमची केबल तुटली होती आणि नऊ दिवस कुणी जोडायला येईना. नानांची मुलगी तेव्हा इथे अडकली होती. बातम्यांशिवाय मला चैन पडेना म्हणून तोंडाला मास्क लावून ती आली, आमच्या टीव्हीत आपल्या घरचा पासवर्ड टाकून गेली. केबल जोडल्यावर आमचे फोन आमच्याकडे परत आले, टीव्ही गेला तो गेलाच. त्यांचा राउटर भिंतीपलीकडे, टीव्हीच्या पाठीला दोन फुटांवर. चित्र अडकेल कसं? आणि आमची काटकसर! हिच्या सगळ्या मालिका आणि माझे सगळे कसोटी सामने नानांच्या खात्यावर.

"तरीच साठ जीबी," मुलगा म्हणाला.

ईशान्येला वळवलेल्या त्या दोन राउटरांचं काय करायचं, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो दाबला.

सोमवारी सकाळी शर्ट घालून सहा नंबरची बेल वाजवली. नाना पेपर वाचत होते. मी उभ्यानंच चार वर्षांचा गुन्हा कबूल केला. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"माहितेय की," ते म्हणाले.

टॅब पुढे ओढून त्यांनी यादी दाखवली. मुलीनं त्यांना ॲप शिकवलंय, आणि ते सवयीनं रोज संध्याकाळी लाइनी तपासतात. आमच्यासारखी ती 'अननोन'ची यादी नव्हती. प्रत्येकापुढे मराठीत नाव होतं. 'माझा टॅब'. 'माझा फोन'. 'फोटोफ्रेम', तिच्यावर मंडळींचे फोटो येतात. चौथ्या ओळीत 'पाच नंबर'.

"काढून टाका हो तो," मी म्हटलं.

"कशाला? तुम्ही पहिल्यापासून आमच्याच लाइनीवर." मग बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाले, "संध्याकाळी सातला हिरवा होतो. श्रावणात तीन दिवस झाला नाही. वहिनी नाशिकला गेलेल्या, मला ठाऊक होतं. म्हणून बेल मारली."

"पाणी येतंय का विचारलंत तुम्ही."

"मग काय विचारणार? जिवंत आहात का?"

त्या संध्याकाळी त्यांच्या पोळ्यांच्या बाईंच्या हाती मऊ भात आणि मेतकूट आलं होतं. तेव्हा मला वाटलं, बाईंनी चुकून जास्त लावला असेल.

मी चहा घेतला. चिनी टॅबबद्दल, सानपाड्याबद्दल, राउटरवरच्या नजरेबद्दल काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय! घरी येऊन टीव्ही होता तसाच ठेवला.

पुढच्या शनिवारी आम्हाला नाशिकला निघायचं होतं. दूधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, मग सहा नंबरची बेल वाजवून म्हटलं, "नाना, बुधवारपर्यंत हिरवा व्हायचा नाही."

"बरं." मी वळलो तर म्हणाले, "अहो, तुमचा तो नवा पासवर्ड देऊन जाता का? आमची लाइन बसते अधूनमधून, आणि मुलगी रात्री व्हिडिओ लावते."

मी खिशातून वही काढली. नाना चष्मा आणि पाठकोरा कागद घेऊन आले, पेन्सिल सरळ धरून बसले.

"बी," मी म्हटलं. "मोठ्या लिपीतला."

"बी फॉर बॉम्बे?"

"बॉम्बे."

त्यांनी लिहिलं, खाली बारीक रेघ मारली. जिन्यातून हिची हाक आली, मग रिक्षाचा हॉर्न. आम्ही अकराव्या अक्षरापर्यंत आलो होतो.